पितळी मापाचा लढा : मिनेसोटाचे वकील इग्नेशियस डॉनेली

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं आपला माल कधीं ना कधीं पेठेंत नेऊन अडत्याच्या दारीं उतरविलेला असेल. आणि तो उतरविल्यावर माप कोणाच्या हातीं आहे, तराजूची दांडी कोणीं धरली आहे व 'माल हलका आहे' हा निवाडा कोणीं दिला, या तीन गोष्टींवर वर्षभराच्या श्रमांचें मोल कसें ठरतें, हें त्यांस आम्हीं सांगावयास नको. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिनेसोटा नांवाचें जें उत्तरेकडील गव्हाचें संस्थान आहे, तेथें १८७८ सालीं एका वकिलानें पितळेच्या एका लहानशा भांड्यावरून सबंध निवडणूक लढविली होती. त्या निवडणुकींत त्यांचा पराभव झाला. पण त्या भांड्याची हकीकत व त्या वकिलाचें चरित्र हीं दोन्हीं शेतकऱ्यानें वाचण्याजोगीं आहेत, असें वाटल्यावरून तीं येथें देत आहों.

इग्नेशियस डॉनेली यांचा जन्म दि. ३ नोव्हेंबर १८३१ रोजीं फिलाडेल्फिया शहरीं झाला. वडील मूळचे आयर्लंडचे. ते वैद्यकीचा धंदा करीत, परंतु मुलें लहान असतांनाच वारले. मागें आईनें गहाणवटीचें दुकान चालवून मुलांस वाढविलें. पुढें ज्यानें सावकारीवर उभ्या जन्मांत आग पाखडली, त्याचें शिक्षण गहाणवटीच्या व्याजावर झालें, ही दैवाची मौज म्हणावयाची! शाळा संपवून त्यांनीं बेंजामिन ब्रूस्टर या नामांकित वकिलाच्या हाताखालीं कायद्याचा अभ्यास केला व १८५२ सालीं सनद मिळविली. वकिली मात्र त्यांस कधीं रुचली नाहीं. पुस्तकें, व्याख्यानें आणि राजकारण यांचाच ओढा अधिक. १८५५ मध्यें विवाह झाला व पुढच्याच वर्षीं ते पश्चिमेकडे मिनेसोटास गेले. त्या वेळीं मिनेसोटा हें संस्थानहि झालें नव्हतें. तो दर्जा त्यास १८५८ सालीं मिळाला.

तेथें जाण्याचा हेतु शेती हा नव्हता, हें प्रथमच सांगितलेलें बरें. त्या काळीं त्या प्रांतांत जमिनीच्या सट्ट्यास ऊत आला होता. नदीकांठचा एखादा माळ घ्यावा, कागदावर त्याचे रस्ते, चौक व बाजार आंखावे, आणि तुकडे पाडून पूर्वेकडील लोकांस विकावे, असा धंदा जिकडेतिकडे चालू होता. डॉनेली यांनीं जॉन नीनिंजर नांवाच्या गृहस्थांच्या भागीदारींत मिसिसिपी नदीच्या कांठीं, हेस्टिंग्ज गांवानजीक, 'नीनिंजर सिटी' नांवाचें शहर वसविण्याचें ठरविलें. त्याची कीर्ति पसरविण्यासाठीं एक वृत्तपत्र काढलें व दूरदूरच्या लोकांस बोलावणीं धाडलीं. लोक आलेहि. घरें उठलीं, दुकानें मांडलीं गेलीं. इतक्यांत १८५७ च्या ऑगस्ट महिन्यांत ओहायोकडील एका मोठ्या पेढीनें हात वर केले व देशभर पैशाचा दुष्काळ पडला. ज्यांनीं हप्त्यांनीं तुकडे घेतले होते त्यांनीं हप्ते थांबविले. व्यापारी उठून गेले. शहर ओस पडलें. डॉनेली कर्जांत बुडाले. पण त्यांनीं गांव सोडलें नाहीं. ज्या जागेचे चौक व रस्ते त्यांनीं कागदावर काढले होते, तीच जमीन नांगरून त्यांनीं तींत गहूं पेरला.

डॉनेली यांच्या पुढील राजकारणाचें बीज आम्हांस येथेंच दिसतें. विपत्तीनें शेतकरी झालेला हा वकील होता. कर्जाचा कागद व गव्हाचा भाव यांमध्यें माणूस कसा भरडला जातो, हें त्यानें ग्रंथांत वाचलें नव्हतें, स्वतःच्या घरीं पाहिलें होतें.

राजकारणांत त्यांची चढती मात्र विलक्षण वेगानें झाली. रिपब्लिकन पक्षातर्फे ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, १८६० सालीं, मिनेसोटाचे दुय्यम गव्हर्नर झाले. १८६१ च्या एप्रिलांत दक्षिणेकडील संस्थानांशीं युद्ध जुंपलें तेव्हां गव्हर्नर रॅम्से वॉशिंग्टन येथें होते. त्यांच्या गैरहजेरींत स्वयंसैनिक भरतीचा जाहीरनामा काढण्याचें काम डॉनेली यांच्याकडे आलें. (याच युद्धानें अमेरिकेचा कापूस विलायतेस जाणें बंद पडून आमच्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे भाव १८६५ पर्यंत आभाळास भिडले होते, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.) १८६३ पासून १८६९ पर्यंत ते अमेरिकन कॉंग्रेसचे सभासद होते. तेथें त्यांनीं गुलामगिरीविरुद्ध मतें दिलीं, मुक्त झालेल्या निग्रो लोकांच्या शिक्षणाचा पक्ष घेतला, व १८६७ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय शिक्षणखात्याचा हिरीरीनें पुरस्कार केला. रेल्वे कंपन्यांस सरकारी जमिनी बक्षीस देण्याच्या ठरावांसहि त्यांनीं तेव्हां पाठिंबा दिला, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पुढें ज्या कंपन्यांशीं त्यांनीं वैर मांडलें, त्यांच्या पायाचे कांहीं दगड त्यांच्याच हातचे होते. आगगाडी आली म्हणजे गव्हास बाजार मिळेल, एवढेंच त्या वेळीं त्यांस दिसलें. आगगाडीचा मालक कोण असेल, हा विचार मागाहून सुचला.

१८६८ सालीं इलिनॉयचे सभासद एलिहू वॉशबर्न यांच्याशीं त्यांचा तंटा झाला. वर्तमानपत्रांत एकमेकांवर दोषारोप झाले व शेवटीं भर सभेंत डॉनेली यांनीं असें कांहीं तोंड सोडलें कीं, टाळ्या मिळाल्या पण मित्र तुटले. त्यांच्या पक्षांत फूट पडली व त्या सालच्या निवडणुकींत ते पडले. जिभेवर ताबा नसणें हा त्यांचा दोष शेवटपर्यंत राहिला.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. युद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मिनेसोटाची जमीन झपाट्यानें लागवडीस आली आणि जवळजवळ सर्वत्र एकच पीक, गहूं, घेतलें जाऊं लागलें. हा गहूं शेतकऱ्यानें गाडींत घालून जवळच्या स्टेशनावर न्यावा. तेथें रुळांच्या कडेस 'एलिव्हेटर' नांवाचें उंच लांकडी कोठार असे. त्यांत यंत्रानें धान्य वर चढवून सांठवीत व मग वॅगनींत सोडीत. बहुत ठिकाणीं स्टेशनावर असें एकच कोठार असे, आणि रेल्वे कंपनी व कोठारवाले यांचें सूत असे. स्वतःचा माल परभारें वॅगनींत भरूं म्हणणाऱ्या शेतकऱ्यास वॅगन मिळणें कठीण. शिवाय मिनिआपोलिस येथील गिरणीवाल्यांनीं आपला संघ करून खरेदीसाठीं गांवोगांव आपले मुनीम ठेवले होते. सर्वांची खरेदी एकत्र व्हावयाची व मागाहून गहूं आपसांत वांटून घ्यावयाचा. मग एका गिरणीनें दुसरीवर भाव चढविण्याचें कारणच उरलें नाहीं. विकणारे हजारों आणि घेणारा एक, अशी ही पेठ होती.

भाव प्रतीवर असे, व प्रत ठरे गव्हाच्या वजनावर. एका बुशेलाचें कायदेशीर वजन ६० पौंड. दाणा भरदार असेल तर वजन पुरें भरावें, सुकला किंवा आक्रसला असेल तर कमी भरावें, हें तत्त्व वाजवीच आहे. पण सबंध बुशेल मोजण्याऐवजीं मुनीम दोन क्वार्ट मापाचें एक पितळी भांडें घेई, तें गव्हानें भरी, कांठावरून फळी फिरवी व कांट्यास अडकवी. कांट्यावर बुशेलामागें किती पौंड तें दिसे. एका बुशेलाचे ३२ क्वार्ट होतात. म्हणजे हें भांडें बुशेलाचा सोळावा हिस्सा झालें. पौंडाचे औंस सोळा. तेव्हां भांड्यांत एका औंसाची, म्हणजे सुमारें अडीच तोळ्यांची, तूट आली कीं बुशेलामागें एक पौंडाची तूट दिसावयाची व त्या एका पौंडानें प्रत खालीं जाऊं शकावयाची! आणि अडीच तोळे इकडचे तिकडे होण्यास काय लागतें? गहूं उंचावरून जोरानें ओतला, भांड्यास धक्का दिला, तर दाणे दाटून बसतात. तोच हळूच, पोकळ सोडला तर कमी मावतात. ज्यानें धान्य मोजून घेतलें आहे त्या कोणाहि कुणब्याच्या बायकोस हें ठाऊक असतें. भांडें भरणारा हात घेणाराचा होता, प्रत बोलणारें तोंडहि घेणाराचेंच होतें. विकणारा नुसता पाहात उभा. हलक्या प्रतीनें घेतलेला गहूं पुढें चांगल्यांत मिसळून चढ्या प्रतीनें विकला जातो, असाहि शेतकऱ्यांचा बोभाटा होता.

याच वर्षांत आणखी एक संकट कोसळलें. १८७३ पासून १८७७ पर्यंत दर साल डोंगराकडून टोळांच्या धाडी येऊन मिनेसोटाच्या पश्चिम भागांतील शेतें फस्त होत गेलीं. लोक इतके हताश झाले कीं, गव्हर्नर पिल्सबरी यांनीं दि. २६ एप्रिल १८७७ हा दिवस सार्वत्रिक प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. (ती टोळांची जात पुढें समूळ नाहींशी झाली, १९०२ नंतर तिचा जिवंत टोळ कोणास मिळाला नाहीं.) टोळांतून जें वांचलें तें पितळी भांड्यांत आणि आगगाडीच्या भाड्यांत गेलें, अशी शेतकऱ्याची भावना झाली तर नवल नाहीं.

शेतकऱ्यांची 'ग्रेंज' नांवाची संस्था १८६७ च्या अखेरीस स्थापन झाली होती. तिचे एक आद्य प्रवर्तक ऑलिव्हर केली हे मिनेसोटांतच शेती करीत. डॉनेली १८७३ सालीं तींत शिरले व गांवोगांव व्याख्यानें देत फिरूं लागले. त्यांची वाणी गोड, विनोद तिखट. हसविता हसवितां ते श्रोत्यास चिडवूनहि देत. १८७४ पासून १८७८ पर्यंत ते मिनेसोटाच्या सीनेटचे सभासद होते, व याच काळांत त्यांनीं 'अँटि-मोनोपोलिस्ट', म्हणजे मक्तेदारीचा शत्रु, नांवाचें साप्ताहिक चालविलें. १८७४ सालीं रेल्वेचें भाडें ठरविण्याचा अधिकार एका मंडळास देणारा कायदा मिनेसोटानें केला, पण कंपन्यांच्या दडपणानें एका वर्षांतच तो ढिला करण्यांत आला. मात्र १८७७ सालीं शिकागोच्या एलिव्हेटरवाल्यांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, ज्या धंद्यावर सर्व लोकांची गरज अवलंबून आहे त्याचे दर ठरविण्याचा अधिकार संस्थानास आहे. शेतकऱ्यांच्या बाजूचा हा मोठाच विजय होता.

१८७८ च्या कॉंग्रेस निवडणुकींत डॉनेली उभे राहिले. समोर होते विल्यम वॉशबर्न : मिनिआपोलिसचे बडे गिरणीवाले व ज्यांच्याशीं दहा वर्षांपूर्वीं तंटा झाला त्या एलिहूंचे बंधु. डॉनेली यांनीं दुसरा विषयच काढला नाहीं. सभांत बोलावयाचें तें पितळी भांड्याविषयीं. लेखांत लिहावयाचें तें पितळी भांड्याविषयीं. ती निवडणूक 'पितळी किटलीची निवडणूक' म्हणूनच ओळखली गेली. शेतकऱ्यांच्या भागांत मतें पडलीं, परंतु शहरानें वॉशबर्न यांस तारलें. निवडणुकींत गैरप्रकार झाले अशी तक्रार डॉनेली यांनीं कॉंग्रेसपुढें नेली. ती पुष्कळ दिवस घोळत राहून अखेर निष्फळ झाली.

यानंतर ते नीनिंजरच्या घरीं परतले. हातांत पैसा नाहीं, पक्ष नाहीं. १८८०-८१ चा हिंवाळा फार कडक होता. त्या बर्फांत बसून त्यांनीं ग्रंथलेखनास हात घातला, आणि १८८२ सालीं 'अटलांटिस' नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. महासागरांत बुडालेलें एक खंड हेंच सर्व सुधारणेचें माहेर, असा त्यांत सिद्धान्त आहे. पुस्तक अतोनात खपलें. इंग्लंडचे प्रधान ग्लॅडस्टन यांनीं लेखकास पत्र धाडलें. सिद्धान्त मात्र भूगर्भशास्त्रापुढें टिकला नाहीं. पुढें धूमकेतूवर एक ग्रंथ झाला. शेक्सपिअरचीं नाटकें बेकननें लिहिलीं हें आंकड्यांच्या खुणांवरून सिद्ध करणारा एक जाडा ग्रंथ १८८८ सालीं झाला, तो मात्र फारसा कोणीं घेतला नाहीं. १८९० मध्यें 'सीझर्स कॉलम' ही कादंबरी टोपणनांवानें निघाली. १९८८ सालच्या न्यूयॉर्कांत धनिकांच्या जुलुमानें समाजाचा विध्वंस कसा होतो याचें तींत भयंकर चित्र आहे. या ग्रंथांमुळें विरोधकांस त्यांस 'लहरी' म्हणण्याची सोय झाली. आमच्या मतें, ज्या बुद्धीनें एका औंसाच्या फरकांतून लूट शोधून काढली, तीच बुद्धि मोकाट सुटली म्हणजे शेक्सपिअरच्या अक्षरांतहि कट शोधूं लागते. गुण व दोष एकाच मुळाचे होते.

दरम्यान त्यांनीं पेरलेलें उगवत होतें. १८८५ सालीं मिनेसोटानें रेल्वे व वखार मंडळ नेमून मोठ्या पेठांतील धान्याची तपासणी व वजन सरकारी अधिकाऱ्यांकडे दिलें. हा कायदा झाला तेव्हां डॉनेली विधिमंडळांत नव्हते. त्याचें श्रेय नव्यानें उभ्या राहिलेल्या 'शेतकरी अलायन्स'च्या दडपणास द्यावें लागेल. १८८७ सालीं ते पुन्हां विधिमंडळांत आले, अलायन्सचे पुढारी झाले व पुढें तिचे अध्यक्षहि झाले.

या अलायन्सच्या दक्षिण शाखेंतून १८८९ सालीं एक योजना पुढें आली, ती शेतकऱ्यानें मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सुगीच्या वेळीं सर्वांचा माल एकदम बाजारांत येतो, भाव कोसळतो, व कर्जदार शेतकऱ्यास थांबतां येत नाहीं. यासाठीं सरकारनें परगण्यापरगण्यांत वखारी बांधाव्या. शेतकऱ्यानें माल तेथें ठेवावा. सरकारनें त्याच्या बाजारभावाच्या शेंकडा ८० पर्यंत रक्कम दरसाल शेंकडा एक व्याजानें नोटांच्या रूपानें कर्जाऊ द्यावी. आणि भाव चढल्यावर शेतकऱ्यानें माल विकून कर्ज फेडावें. पेढीवाल्यांनीं व वर्तमानपत्रांनीं या योजनेची भरपूर टवाळी केली.

दि. ४ जुलै १८९२ रोजीं ओमाहा शहरीं अलायन्सवाले व मजूर यांच्या नव्या 'पीपल्स पार्टी'ची परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्याची प्रस्तावना डॉनेली यांची होती. लांचलुचपत मतपेटीपासून न्यायासनापर्यंत पोंचली आहे, व एकाच अन्यायाच्या पोटीं भिकारी आणि कोट्यधीश हे दोन वर्ग जन्मास येत आहेत, असा तिचा आशय होता. मागण्या होत्या त्या अशा : रेल्वे व तारायंत्र सरकारच्या मालकीचें करावें, वाढत्या उत्पन्नावर वाढता कर बसवावा, टपालखात्यांत बचतीच्या पेढ्या काढाव्या, वरील वखारींची योजना किंवा तीहून चांगली योजना स्वीकारावी, आणि सोन्याबरोबर रुप्याचेंहि नाणें मोकळेपणें पाडावें.

या शेवटच्या मागणीचा संबंध आमच्या देशाशीं येतो. १८८१ सालीं अमेरिकन शेतकऱ्यास गव्हाच्या बुशेलास एक डॉलरहून अधिक मिळत असे. १८९४ मध्यें पन्नास सेंटांच्या आसपास मिळूं लागले. त्याचें कर्ज सोन्याच्या डॉलरांत होतें. तें तेवढेंच राहिलें आणि फेडण्यास गहूं मात्र दुप्पट लागूं लागला. रुप्याचें मोल सोन्याच्या मानानें उतरत चाललें होतें, व आमचा रुपया चांदीचा. पूर्वीं दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९२-९३ च्या सुमारास सव्वा शिलिंगावर आला. त्यामुळें कराची व मुंबई बंदरांतून लिव्हरपूलास जाणारा पंजाबचा व मध्यप्रांताचा गहूं सोन्याच्या कमी भावांतहि विकणारास परवडे. भाव उतरला तरी रुपये तेवढेच पदरांत पडत. मिनेसोटाच्या शेतकऱ्याचें म्हणणें असें कीं, रुपें पाडणें बंद केल्यानें आम्हीं हिंदुस्थानच्या रयतेच्या स्पर्धेंत विनाकारण मारले जातों. त्या रयतेची स्थिति हेवा करण्याजोगी नव्हती, हें त्यास कोण सांगणार? १८९३ च्या जून महिन्यांत हिंदुस्थान सरकारनेंच रुप्यासाठीं आपल्या टांकसाळी बंद केल्या. रुप्याचा भाव आणखी कोसळला, व त्याच नोव्हेंबरांत अमेरिकेनें सरकारी रुपें-खरेदीचा कायदा रद्द केला.

१८९२ च्या निवडणुकींत या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांस दहा लाखांहून अधिक मतें मिळालीं. डॉनेली स्वतः मिनेसोटाच्या गव्हर्नरपदासाठीं उभे राहिले, व सुमारें चाळीस हजार मतें मिळवून तिसरे आले. शेतकरी व्याख्यानास हजारोंनीं येत, टाळ्या वाजवीत, आणि मत देतांना पुष्कळजण आपल्या जुन्या पक्षाकडे परतत. याचा दोष केवळ शेतकऱ्यास देणें बरोबर नाहीं. डॉनेली यांनीं जन्मांत इतके पक्ष बदलले, इतक्या सहकाऱ्यांशीं भांडणें काढलीं, कीं त्यांच्यावर भरवसा ठेवणें साध्या माणसास जड गेलें असावें. सभा जिंकणें व वर्षानुवर्षें एखादी संस्था सांभाळणें हीं कामें निराळीं. पहिल्यांत त्यांचा हात धरणारा नव्हता, दुसऱ्यांत त्यांचा जीव रमला नाहीं. १८९६ सालीं पीपल्स पार्टी डेमोक्रॅट पक्षाच्या पाठीमागें गेली व मोडली. उरलेल्या गटानें १९०० सालीं डॉनेली यांस उपाध्यक्षपदासाठीं उभें केलें. मतें नांवाला पडलीं.

दि. १ जानेवारी १९०१ रोजीं, नवें शतक उगवलें त्याच दिवशीं, मिनिआपोलिस येथें वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. ज्या गिरण्यांशीं ते झगडले त्या गिरण्यांच्याच शहरांत हें घडलें. १९१० सालीं टपालखात्याच्या बचतपेढ्यांचा कायदा झाला. १९१३ सालीं उत्पन्नावरील कर घटनेंत आला. १९१६ सालीं अमेरिकन कॉंग्रेसनें वखारींचा कायदा व धान्याच्या प्रतवारीचा कायदा असे दोन्ही केले, आणि गव्हाची प्रत सबंध देशांत सरकारनें ठरविलेल्या एकाच मानानें लागूं लागली. मिनेसोटाच्या पश्चिमेस स्टीव्हन्स परगण्यांत, जेथें डॉनेली यांची शेती होती, तेथें त्यांच्या नांवाचें एक लहानसें गांव आहे. कागदावर इतक्या हौसेनें आंखलेलें नीनिंजर शहर मात्र राहिलें नाहीं. आसपासच्या खेडवळ मुलखास तें नांव तेवढें उरलें आहे.